इंचाला बारा टाके

बुधवारी सकाळी नऊच्या ठोक्याला फ्रीडेनफेल्डच्या चर्चच्या तळघरात गोधडीची चौकट मांडली जायची, आणि कुठल्या बाईने कुठल्या खुर्चीवर बसायचं ते अडीना गोर्टझन ठरवायची. वर पाद्रीसाहेबांनी काय हवं ते ठरवावं, तळघरात अडीनाचं राज्य होतं. ज्यांचा हात बारीक त्या मधोमध. ज्यांचा बरा त्या कडेला, जिथे गोधडी पलंगावरून खाली लोंबते आणि कोणी निरखून बघत नाही. आणि जिचा हात अगदीच बेतास बात, तिला अडीना गोड आवाजात म्हणायची, "तुझ्या हातची कॉफी किती छान होते गं." ज्या बाईने हे वाक्य ऐकलं ती काय समजायचं ते समजायची आणि मुकाट्याने किटलीकडे जायची.

अडीनाचा स्वतःचा हात म्हणजे इंचाला बारा टाके. मोजून बारा. आमच्या कॅन्ससच्या या टापूत आठ टाके घालणारीला लोक चांगली म्हणतात, दहावालीचं नाव शेजारच्या गावात घेतात. अडीनाचे बारा टाके एकसारखे, जसे वरून तसेच खालून, आणि गाठ कुठे लपवली ते शोधून सापडायची नाही. तिच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात सुई ढकलायचं चांदीचं अंगुस्तान असायचं. तिच्या सासूच्या आजीने ते रशियातून येताना जहाजात स्वतःच्या बोटात घालूनच आणलं होतं, म्हणजे चोरीला जायला नको. घरातल्या सर्वांत चांगल्या हाताकडे ते जायचं. "सासूबाईंनी माझ्या बोटात घातलं, आणि असं बसलं की जणू माझ्याच मापाने ओतलंय," हे अडीना गेली सेहेचाळीस वर्षं सांगत होती, आणि आम्ही गेली सेहेचाळीस वर्षं ऐकत होतो.

दुपारी चारला बायका पांगल्या की अडीना मागे राहायची. कपबशा विसळायच्या असं म्हणायचं, पण खरं काम वेगळं. ती पिशवीतून लहान कात्री काढायची, दिवसभरात ज्या बाईचे टाके मोठे पडले असतील तिची ओळच्या ओळ उसवायची आणि नव्याने घालायची. त्या बाईला कधी कळू द्यायचं नाही, हा रिवाज. तिच्या सासूने तेच केलं, सासूच्या सासूनेही. आमच्या लोकांत तोंडावर वाईट बोलायची पद्धत नाही. आम्ही पाठीमागे उसवतो.

सर्वांत जास्त उसवले गेले ते ग्लेंडाचे टाके. ग्लेंडा ही अडीनाची सून, एकुलत्या एका मुलाची, डॅरेलची बायको. एकतीस वर्षांपूर्वी डॉज सिटीहून लग्न होऊन आली. घराणं दुसऱ्या पंथाचं, जेवण दुकानातल्या बंद डब्यांतलं, आणि सुई धरायची ती शर्टाचं बटण तुटलं तर. आल्या आल्या तिने झ्वीबाक करून बघितले होते. आमचे हे दुमजली पाव, खाली मोठा गोळा आणि त्यावर लहान. शनिवारी भाजायचे, रविवारी दुपारी पाहुण्यांपुढे ठेवायचे. वरचा गोळा अंगठ्याने नीट दाबून बसवला नाही तर भट्टीत घसरतो. ग्लेंडाच्या पहिल्या घाण्यात एकाही पावाचं डोकं धडावर राहिलं नव्हतं. अडीना ही गोष्ट दर नाताळाला सगळ्यांना सांगायची, ग्लेंडा पुढ्यात बसलेली असताना. ग्लेंडाही हसायची.

मुलीच्या, जॅनेलच्या वेळी ग्लेंडाला सातवा महिना होता. बाळासाठी लहान गोधडी चौकटीवर चढली, तेव्हा ती आठ बुधवार पाठ धरून बसली आणि टाके घातले. आठही बुधवारी संध्याकाळी अडीनाने ते काढले. काढताना तिला वाईट वाटलं नाही. नातवंडाच्या अंगावर चार टाक्यांचं काम पांघरायचं म्हणजे काय, असं तिला तेव्हा अगदी मनापासून वाटलं होतं.

आता तीच जॅनेल लग्नाची झाली होती. मेच्या शेवटच्या शनिवारी लग्न, गहू पिवळा पडायच्या आधी. अडीनाने प्रत्येक नातवंडाला लग्नात गोधडी दिली होती, आणि हे शेंडेफळ. नक्षी एकमेकांत गुंतलेल्या कड्यांची. कड्यांना कापड घरचंच: अडीनाच्या नवऱ्याचे, मेनोचे, जुने निळे शर्ट, जॅनेलचे शाळेतले झगे, आणि पिठाच्या पोत्याचं फुलाफुलांचं कापड, जे अडीनाच्या आईने जपून ठेवलं होतं. जानेवारीत गोधडी चौकटीवर चढली.

एक गोष्ट मधल्या मध्ये घडली होती. गेल्या शरद ऋतूत अडीनाच्या नजरेच्या ऐन मध्यावर एक करडा डाग आला. विचिटाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मधलं जाणार, कडेचं राहणार. "मधलं मी एकोणऐंशी वर्षं बघितलंय," अडीना म्हणाली, "आता कडेला काय चाललंय ते बघते." गाडी चालवायचं सोडावं लागलं तेवढंच. शेजारची एल्वा उनरू तिला बुधवारी आणायची आणि न्यायची. मागे राहून कपबशा विसळायचं काम आपोआप ग्लेंडाकडे गेलं.

पाव तर अडीना डोळे मिटून वळायची. टाक्यांचंही तसंच, असं तिचं म्हणणं. डावा हात कापडाखाली, सुईचं टोक तिथल्या बोटाला लागलं की परत वर. दर बुधवारी आली की ती आधी मागच्या आठवड्याच्या आपल्या ओळीवर अंगठा फिरवायची. "मोज गं एल्वा."

एल्वा नाक कापडाला लावून मोजायची. "दहा, अकरा, बारा. बारा, बाई, बारा!"

"डोळे गेले तर जाऊ देत. बोटांना दिसतं," अडीना म्हणायची. हे तिने चर्चमध्ये सांगितलं, दुकानात सांगितलं, डॉक्टरांनासुद्धा सांगितलं. तिला त्याचा खरोखर आनंद होता. म्हातारपण सगळ्यांचं काही ना काही घेऊन गेलं होतं, पण तिच्या हाताला त्याने हात लावला नव्हता.

मेच्या पहिल्या बुधवारी एल्वाची गाडी धान्याच्या कोठारापर्यंत पोचली असेल नसेल, तोच अडीनाने बोट चाचपलं. अंगुस्तान नव्हतं.

"मागे फिरव."

"उद्या घे की. कुठे पळून जाणार आहे ते?"

"एल्वा, रशियापासून ते असंच सांभाळत आलोय. फिरव मुकाट्याने."

एल्वा कुरकुरत फिरली आणि गाडीतच बसून राहिली. अडीना कठडा धरून तळघराचा जिना उतरू लागली. निम्म्यावर तिने आवाज ऐकला. कट्. मग ताणलेल्या कापडातून दोरा ओढला जातो तो बारीक सर्र आवाज. पुन्हा कट्. हा आवाज दुसऱ्या कोणाला ऐकूही आला नसता. अडीनाने तो आयुष्यभर आपल्याच हातातून ऐकला होता. तिला बरंच वाटलं. रिवाज कोणीतरी चालवतंय तर.

"कोणाचे काढतेयस गं?" तिने जिन्यावरूनच विचारलं.

कात्री थांबली. "आई? तुम्ही गेला नाहीत?" आवाज ग्लेंडाचा.

"अंगुस्तान राहिलं. कोणाचे म्हटलं? एल्वाचे ना? दुपारनंतर तिचे लांबतात, मला ठाऊक आहे."

"असेच आपले. एक-दोन ओळी."

ग्लेंडा उठायला गेली आणि खुर्ची करकरली. तळघरात चौदा खुर्च्या होत्या, त्यात करकरणारी एकच. मधोमधची. अडीनाची.

अडीना उरलेल्या पायऱ्या उतरली, चौकटीपाशी आली आणि आज दिवसभर जिथे तिने सुई चालवली होती तिथे तिने अंगठा ठेवला. निम्म्या कड्यावर बारीक, एकसारखे टाके होते. उरलेल्या निम्म्यावर, जिथे कात्री अजून पोचली नव्हती, टाके हाताला लागत होते ते कसेही. एक लांब, एक आखूड, एक तिरपा. एक तर खडूची रेघ सोडून पार बाजूच्या निळ्या शर्टात शिरला होता. तिच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. आजवर दर बुधवारी तिने अंगठा फिरवला होता तो उसवून घातलेल्या ओळीवर.

"कधीपासून?"

"जानेवारीपासून."

"सगळे?"

"सगळे, आई."

अडीना शेजारच्या खुर्चीवर बसली. आधी तिला राग आला, आणि तो तिने आत ठेवला नाही. "आणि मी गावभर सांगत सुटले! बोटांना दिसतं म्हणे! डॉक्टरला सांगितलं मी, ग्लेंडा! तोंडावर एक शब्द बोलायला काय झालं होतं तुला?"

"बाईला कळू द्यायचं नाही, असा रिवाज आहे ना."

"हे तुला कोणी सांगितलं? मी तर कधी सांगितलं नाही."

"सांगितलं नाहीत. माझ्यावर केलंत."

वर रस्त्यावर एल्वाने भोंगा वाजवला. दोघींपैकी कोणी हललं नाही.

"तुला माहीत होतं?" अडीनाने विचारलं.

"आई, बुधवारी मी माझे ढोबळ टाके घालून जायचे, आणि पुढच्या बुधवारी ते बारीक झालेले असायचे. डॉज सिटीत आम्ही स्वयंपाक नाही शिकत, पण डोळे असतात आम्हाला." ग्लेंडा हसली नाही, पण तिच्या बोलण्यात कडवटपणाही नव्हता. "पहिल्यांदा कळलं तेव्हा गाडीत बसून रडले. मग ठरवलं, ही बाई माझ्याच ओळीवर मला कित्ता घालून ठेवतेय, तर तो गिरवायचा. तुमची ओळ बोटाने वाचायचे आणि घरी उशीच्या अभ्र्यांवर घालून बघायचे. डॅरेलला वाटायचं आपल्या घरात इतके अभ्रे कशाला. बारा टाके यायला बारा वर्षं लागली."

अडीनाने पुन्हा त्या निम्म्या कड्यावर अंगठा फिरवला. तिला शोधायचा होता फरक. सापडेना. हे तिचेच टाके होते, फक्त तिने घातलेले नव्हते.

"एकोणीस वर्षांपासून तुझा हात असा आहे, आणि मी तुला अजून कडेला बसवते?"

"कडेला गप्पा चांगल्या ऐकू येतात."

"आणि मी जे दर नाताळाला..."

"पावांचं सांगता ते. हो."

"तोंड का नाही उघडलंस?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत. आणि आई, तुम्हाला ती गोष्ट सांगताना इतकी मजा यायची."

अडीनाने अंगठा कड्यावरून उचलला. मग ती म्हणाली, "जॅनेलची ती बाळपणीची गोधडी. त्यातही मी तुझा एक टाका ठेवला नव्हता."

"ठाऊक आहे. घरी नेल्यावर मी कडेचा गोट जरासा उसवला आणि त्याच्या आत एक ओळ घातली. बोटभर. मग गोट पुन्हा शिवला. अजून आहे."

आईने आपल्याच लेकराच्या गोधडीत चोरून टाका घालायचा, तोही गोटाच्या आत, आणि तो आपल्यामुळे. अडीनाला लाज वाटली. तिला लाज वाटायची फारशी सवय नव्हती, त्यामुळे ती कुठे ठेवावी ते तिला कळेना. तिने डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि खडसावल्यासारखी बोलली.

"मधलं कडं उसवून टाक आणि तसंच रिकामं ठेव. पुढच्या बुधवारी ते मी घालते."

"आई, बारा नाही येणार."

"मला काय येणार आहे ते मला आता कळलंय. माझ्या नातीने मला गोटाखाली शोधायचं नाही. जे येतील ते टाके, ऐन मध्यावर. आणि त्यांना कात्री लावलीस तर बघ."

"नाही लावणार."

"आणि हे एल्वाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"माझं अंगुस्तान कुठंय?"

ते किटलीमागे होतं. एल्वाला तिने सांगितलं की जिन्यावर गुडघा दुखला म्हणून उशीर झाला.

पुढच्या बुधवारी बाकीच्या बायका जेवायला उठल्या तेव्हा अडीना एकटीच चौकटीवर बसली आणि एका बैठकीत तिने ते कडं पुरं केलं. बोटाला तीनदा सुई टोचली. संध्याकाळी ग्लेंडा मागे राहिली आणि तिने खरोखर फक्त कपबशा विसळल्या.

लग्नाच्या आधीच्या रविवारी दुपारी अडीनाच्या घरी सगळ्या जमल्या. टेबलावर झ्वीबाक, थंड हॅम, चीज, तुतीचा मुरंबा आणि सुक्या आलुबुखारांची गार खीर. पाव पहाटे उठून अडीनाने स्वतः वळले होते, एकाचंही डोकं हललं नव्हतं, आणि हे तिने दारात आलेल्या प्रत्येकीला सांगितलं. कॉफी झाल्यावर गोधडी पाहुण्यांच्या खोलीतल्या पलंगावर पसरली. नवरीने आधी नुसतं बघायचं, आणि मग मंडळातल्या बायका एकेक करून वाकणार, हे ठरलेलं. वाकतात त्या टाके मोजायलाच, पण म्हणतात की रंग काय सुरेख जुळलेत.

"बारा!" एल्वा एका टोकाला मोजत होती. "इथेही बारा. काय हात आहे या बाईचा, आणि तोही न बघता!" ती पलंगावर गुडघा टेकून मध्यापर्यंत सरकली आणि थांबली. "अगंबाई. हे काय?"

चार-पाच नाकं खाली झुकली. ऐन मध्यावरच्या कड्यात टाके सैरावैरा धावले होते. एके ठिकाणी गाठ चक्क वर दिसत होती.

"ग्लेंडा!" एल्वा हसत म्हणाली. "अगं, एकतीस वर्षं झाली गं तुला! आणि अडीना, तू हिला मध्यावर बसू दिलंस तरी कसं?"

सगळ्या हसल्या. वाईटपणाने नाही, ते आमचं जुनंच हसणं होतं. जॅनेलही वाकली आणि त्या कड्यावरून तिने बोट फिरवलं. "आई, हे तुझे? असू देत. मला आवडले."

"थोडे मोठेच पडलेत," ग्लेंडा म्हणाली आणि कपबशा गोळा करायला लागली.

अडीना दारात पावांची ताटली घेऊन उभी होती. चेहरे तिला दिसत नव्हते, आवाज सगळे ऐकू आले. आता काही बोलायची गरज नव्हती. ग्लेंडाने तिचं झाकलं होतं, एल्वाने नाव घेतलं होतं, पोरगी खूश होती. फ्रीडेनफेल्डमध्ये अडीना गोर्टझन बारा टाक्यांची बाई म्हणून जगली होती आणि बारा टाक्यांची बाई म्हणून गेली असती. मग तिने ताटली कपाटावर ठेवली.

"ते माझे आहेत," ती म्हणाली.

"कुठले?" एल्वाने विचारलं.

"मधले. ते वेडेवाकडे. ते मी घातलेत, आणि मुद्दाम ठेवलेत. बाकी या गोधडीत माझा एक टाका नाही. माझ्या ओळी जानेवारीपासून ग्लेंडाने काढल्या आणि पुन्हा घातल्या. तू दर बुधवारी मोजत होतीस ते बारा तिचे, एल्वा."

"चल, काहीतरीच तुझं."

"आणि एकोणीस वर्षांपासून तिचा हात असा आहे. मीच तिला कधी पुढे येऊ दिलं नाही."

ग्लेंडा हातातल्या कपबशांसकट उभी होती.

"ओमा," जॅनेल आजीला हळूच म्हणाली, "मग मधलं कडं तर मला आणखीच आवडलं."

"आवडायलाच हवं. तीनदा सुई टोचलीय मला त्यात." अडीनाने कडेच्या नजरेने सुनेला शोधलं, पलंगाचा कठडा धरत तिच्यापर्यंत गेली आणि बोटातलं अंगुस्तान काढलं. "कपबशा ठेव खाली. हात दे. तो नव्हे, उजवा."

ग्लेंडाने हात पुढे केला. अडीनाने चाचपून मधलं बोट शोधलं आणि अंगुस्तान त्यावर चढवलं. सगळ्या बघत होत्या. ते बोटावर डुगडुगलं आणि पडता पडता ग्लेंडाने मुठीत धरलं.

"सैल आहे, आई."

"आत कापूस घाल," अडीना म्हणाली. "मीही सेहेचाळीस वर्षं तोच घालत आलेय."